पालम रस्त्यावरच्या चिंचेचं वाडगं

९ फेब्रुवारी

पालम रस्त्यावरची चिंच आज पाडली. मी नेमकी तिथं होते! ठरवून नव्हे. ऑफिसमधल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं पालमला. जेवून लोह्याला परत येत होते तर बस अडवलेली. झाड पडेपर्यंत कुणाला सोडत नव्हते. सगळे खाली उतरले, मीही उतरले.

रस्ता मोठा होतोय. दोन्ही बाजूंची झाडं जाणार. तोडणाऱ्यांना ही इतरांसारखीच एक. दोर लावले, मशीन चालवली, कुणीतरी हात केला, पडली. धूळ बराच वेळ बसली नाही. एक बाई लगेच फांद्यांवरच्या चिंचा ओट्यात गोळा करायला लागली.

शिवशंकर या झाडावर आदळून गेला. आठ वर्षं झाली. (नाव इथंच लिहिते. नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेतलं नाही, अजूनही घेत नाही.) पाऊस होता, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर चिखल आणला होता, मोटारसायकल घसरली. पंचनाम्यात तसंच आहे आणि तसंच झालं असावं. पाहणारं कुणी नव्हतं.

करवतवाल्याला म्हटलं, एक तुकडा द्या. कशाला, म्हणाला. लाटणं करायचंय. तो म्हणाला, चिंचेचं लाटणं लई जड व्हतं, ताई. तरी दिला – एक नाही, दोन. कमरेएवढ्या उंचीवरचे, त्याची गाडी आदळून साल गेली होती तिथला एक आणि त्याला लागून वरचा एक. मीच बोट दाखवलं. कंडक्टरनं उचलून गाडीत ठेवायला मदत केली आणि सामानाचं तिकीट फाडलं.

का मागितले, माहीत नाही. खोटं का बोलले तेही नाही.

१० फेब्रुवारी

तुकडे घरी आणलेले नाहीत. बस मी काम करते त्या आयटीआयच्या दारावरून येते, तिथंच उतरवले. वॉचमनच्या खोलीमागं आहेत.

घरी आत्याबाई. सासू म्हणून माझ्याशी त्यांचं कधी वाजलं नाही, पण त्या झाडाशी आठ वर्षं वाजतंय. घरात चिंच येत नाही. आमटीला कैरी, नाहीतर लिंबू, नाहीतर आंबट चुका. दर वर्षी त्या तारखेला रिक्षा करून तिथं जातात. नारळ नाही, फुलं नाहीत. झाडासमोर उभ्या राहून शिव्या देतात आणि त्याच रिक्षानं परत येतात. मी एकदाच सोबत गेले होते. पुन्हा गेले नाही.

काल संध्याकाळी सांगितलं, चिंच पाडली म्हणून. 'बरं झालं,' म्हणाल्या. मग भाकरी थापायला बसल्या. जेवताना नेहमीपेक्षा जास्त जेवल्या.

१२ फेब्रुवारी

ईश्वरप्पा सर माझ्या लाकडावर बसून चहा पीत होते. टर्नर ट्रेडचे इन्स्ट्रक्टर, उदगीरच्या पलीकडचे, दोन वर्षांत रिटायर होतील. त्यांना म्हटलं, सर, उठा, ते माझं आहे. उठले. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, असंच पडू दिलं तर महिन्यात उभं तडकेल, टोकांना मेण लावा. काय करणार आहात याचं?

वाडगं, म्हटलं. तोंडातून तेच आलं. लाटण्यावरून वाडग्यावर कशी गेले कुणास ठाऊक.

आमच्याकडं लाकडाचा लेथ आहे – जुने लोक खराद म्हणतात. सुतारकामाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. मुलं मिळेनात म्हणून तो ट्रेडच बंद झाला. शिवशंकर त्याच ट्रेडला शिकवायचा. तो गेल्यावर मला अनुकंपावर क्लार्क म्हणून घेतलं. एवढी वर्षं त्या शेडवरून रोज जाते, आत गेले नव्हते.

सर म्हणाले, 'मी लोखंडाचा माणूस. लाकूड मला येत नाही. पण फिरतं ते सगळं सारखंच असणार.'

१३ फेब्रुवारी

दुकानातून मेणबत्त्या आणल्या, डब्यात वितळवून टोकांना फासल्या. अख्खा व्हरांडा देवळासारखा वासाचा.

१९ फेब्रुवारी

प्राचार्यांनी परवानगी दिली. ऑफिस सुटल्यावर तास-दीड तास, आणि बोटं गेली तर संस्था जबाबदार नाही – असं हसत म्हणाले, पण लिहूनही घेतलं.

ईश्वरप्पा सरांनी लेथला तेलपाणी केलं, पट्टा बदलला. चालू केला तर आधी कुरकुरला, मग एकसारखा आवाज. आतून दोन पाली पळाल्या.

शेडमध्ये शिवशंकरचं काही असेल असं वाटलं होतं. नव्हतं. भिंतीवर हत्यारांच्या रिकाम्या खुंट्या, त्यांच्यामागं हत्यारांचे आकार रंगवलेले. आकार कुणी रंगवले ते कळायला मार्ग नाही.

सरांना विचारलं, ते करायचे का वाडगी? म्हणाले, 'शिवशंकर? छे. तो दारं-खिडक्यांचा माणूस. गोल काही त्याला जमायचं नाही.' बरं वाटलं. म्हणजे मी त्याचं काही करत नाहीये.

२२ फेब्रुवारी

साडी नेसून मशीनजवळ यायचं नाही, ओढणी नाही, बांगड्या नाहीत, केस बांधून. स्टोअरमधून मुलांचा निळा अ‍ॅप्रन घेतला, खांद्यात घट्ट होतो.

लाकडाचा आधी करवतीनं जाड चकता केला. मग लोखंडी थाळीला स्क्रूनं घट्ट बसवला, थाळी लेथला. लाकूड फिरायला लागलं की समोरच्या टेकूवर गोल पटाशी टेकवायची आणि हलके पुढं न्यायची. एवढंच! सर शेजारी उभे. 'निधान, मॅडम, निधान.' त्यांच्या कानडीत निधान म्हणजे सावकाश.

मी सावकाशच होते. पटाशी अडकली. एकदम खाडकन आवाज, हत्यार हातातून वर गेलं, लाकडाचा एक पोपडा सुटून शेडच्या पत्र्यावर आदळला. खांद्याला झटका. सरांनी मशीन बंद केली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

म्हणाले, चूक माझी. लोखंडाच्या लेथवर हत्यार मशीन धरतं, आपण फक्त चाक फिरवतो. इथं हत्यार माणसानं धरायचं आहे. सगळं सारखं नसतं.

मग दोघांनी त्यांच्या मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी म्हाताऱ्याचा व्हिडिओ बघितला. भाषा कळत नव्हती, हात कळत होते. पटाशीची पाठ आधी लाकडावर घासत ठेवायची, धार नंतर. आम्ही उलटं करत होतो.

२३ फेब्रुवारी

उजवा हात वर होत नाही. भाकरी आत्याबाईंनी केल्या. कारण विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा लांब साल निघाली. दोरीसारखी, न तुटता, माझ्या मनगटावरून खाली. ओलं लाकूड असंच सोलतं म्हणे. वास आंबट येईल असं वाटलं होतं. तसा काही नाही. ओल्या भिंतीसारखा येतो.

बाहेरचा भाग पिवळट, आत जांभळट काळा. फक्त गाभ्याशी.

४ मार्च

बुडाला भोक पडलं!

बाहेरून छान झालं होतं. आतून कोरत होते, कोरत राहिले. आवाज बदलला होता, पातळ झाला होता, ते ऐकू येत होतं तरी थांबले नाही. पटाशी आरपार. आता ते वाडगं नाही, नरसाळं आहे.

सर म्हणाले, मधेमधे थांबून जाडी मोजायची असते, मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं. ते म्हणाले, हो का? आणि दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसले मी. शेडमध्ये घुमलं.

ज्या तुकड्याला सालीची जखम नव्हती तो वाया गेला. उरला तो जखमेचा.

५ मार्च

आत्याबाईंनी माझ्या केसांतून लाकडाची एक कुरळी साल काढली. 'हे कशाचं?'

खोटं बोलता आलं असतं. एकदा बोललेच होते. सांगितलं – त्या चिंचेचं. वाडगं करतेय.

त्यांनी ती साल उंबऱ्याबाहेर टाकली आणि हात धुतले.

'जाळायचं सोडून त्याची भांडी करून राहिलीस?'

मी केस झटकून पुन्हा बांधले.

'त्यातलं एक चिपाड बी घरात आलं तर मी दाराबाहीर झोपन.'

८ मार्च

बोलत नाहीत. जेवायला वाढतात. ऑफिसात महिला दिनाचं गुलाब मिळालं. ते त्यांच्यापुढं ठेवलं. देवाला वाहिलं त्यांनी.

११ मार्च

दुसरा तुकडा. आता जाड ठेवायचा, अंगठ्यापेक्षा जाड सगळीकडं, आणि वाळायला ठेवून द्यायचा. ओलं लाकूड एकदम पातळ केलं की वाळताना वाकडं होतं, तडकतं. म्हाताऱ्याच्या व्हिडिओत तसं आहे. सर म्हणाले लोखंडाला असलं काही नसतं, आज केलं की आज झालं.

जखमेच्या बाजूला काळी रेघ आहे, बोटभर रुंद. तिथं साल आत दुमडून लाकडात गेलीय. पटाशी त्या जागी आली की आवाज फाटतो. सर म्हणाले, इथून फुटेल बहुतेक. फुटलं तर फुटलं.

फुटलं नाही. जाडजूड ओबडधोबड एक वाटका झाला. पोत्यात त्याच्याच भुशात पुरून स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवला. पाऊस लागेपर्यंत हात लावायचा नाही.

३ एप्रिल

काही नाही.

१६ एप्रिल

आत्याबाई बोलायला लागल्या. विषय – नळाला पाणी आलं नाही.

९ मे

ऊन भयंकर. मोठ्या भावजींचा – आत्याबाईंच्या थोरल्या मुलाचा – फोन, गावाकडून, मुरुडहून. शेत, घर, गुरं सगळं तेच बघतात. आंबे उतरवलेत, दोघी या चार दिवस. आत्याबाई फोनवर म्हणाल्या, 'सिंधुला सुट्टी न्हाई बाबा.' रजा शिल्लक होती माझी. मागितली तर मिळाली असती. त्यांना जायचं नसेल म्हणून मी काही बोलले नाही.

आंबे एसटीनं आले. निम्मे पिचलेले.

२८ मे

पोतं उघडलं – राहवलं नाही. बारीक तडा एक, कडेला. सर म्हणाले तो वर आहे, पुढं कापण्यात निघून जाईल. परत पुरलं.

२१ जून

आज आत्याबाई सकाळीच म्हणाल्या, 'मला तिथं ने.'

कुठं ते विचारावं लागलं नाही. त्यांची तारीख अजून लांब आहे. पण नेलं. स्कूटीवर मागं आडव्या बसल्या, एक हात माझ्या खांद्यावर.

रस्ता ओळखू येईना. काळाभोर, रुंद, मधे पांढरा पट्टा, बाजूला लोखंडी कठडा. एकही झाड नाही. मला वाटत होतं, मोरीच्या पुढं वळण आहे, तिथं. मोरी नव्हती. वळणही नव्हतं, सरळ केलंय.

'थांब, हितं,' म्हणाल्या. उतरल्या. इकडं-तिकडं बघितलं. 'न्हाई. म्होरं.' पुढं गेलो. उतरल्या. 'न्हाई गं.' मागं आलो. मी म्हटलं, त्या विहिरीच्या समोर होतं. पण विहिरीही दोन दिसत होत्या. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जाताना मी मान दुसरीकडं वळवायचे, त्यामुळं झाडाच्या आजूबाजूला काय होतं ते मला माहीतच नव्हतं. आणि त्या फक्त झाडाकडं बघायच्या.

एक रोलरवाला थांबला. गाडीची वाट बघून राहिल्या का मावशी, इथं गाडी थांबत नाही आता, म्हणाला. आत्याबाई म्हणाल्या, 'न्हाई बाबा. जागा हुडकून राहिलो.' कसली जागा ते त्यानं विचारलं नाही. पुढं गेला.

उन्हात उभ्या होत्या. पदर डोक्यावर घट्ट धरलेला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या –

'झाड हुतं तवर शिव्या द्याया एक जागा हुती. आता कुणाला देऊ?'

मग आपण होऊनच स्कूटीजवळ आल्या. येताना खांद्यावरचा हात जरा जड वाटला, की मलाच तसं वाटलं.

२२ जून

सकाळी चहा देताना – 'ते लाकूड हाय का जाळलंस?'

आहे, म्हटलं.

'आन घरी.'

२३ जून

पोतं स्कूटीवर पुढं ठेवून आणलं. भुसा काढून वाटका त्यांच्या पुढ्यात ठेवला. वाळून तो गोल राहिलेला नाही. एका बाजूनं ओढल्यासारखा झालाय, अंड्यासारखा.

आधी हात लावला नाही. पलंगावर बसून नुसतं बघत होत्या. मग उचलला. वास घेतला. मडकं घेताना वाजवून बघतात तसं बोटांनी वाजवलं. 'जड हाय लई.' मग त्या काळ्या रेघेवर अंगठा फिरवला.

'हे काय?'

सांगितलं. तिथली साल गेली होती त्या वेळी. गाडी आदळली तिथं. मग झाडानं हळूहळू ती जागा भरून घेतली, म्हणून तशी रेघ.

बराच वेळ अंगठा तिथंच होता.

'म्हंजे त्याला बी लागलं हुतं,' म्हणाल्या.

मी आत जाऊन कुकर लावला. बाहेर आले तेव्हा वाटका देव्हाऱ्याखाली ठेवलेला होता, आणि त्या गहू निवडत होत्या.

३० जून

पाऊस. स्टोअरचं छत गळतंय. त्याची तक्रार टाइप केली, सही घेतली, पाठवली.

११ जुलै

बदलीसाठी पर्याय द्यायचा शेवटचा दिवस होता. दर वर्षीसारखं 'बदली नको' कळवलं. लातूरला जागा रिकामी आहे. बहीण तिथं आहे. प्राचार्य म्हणाले, 'मॅडम, लोह्यात तुमचं आहे काय?'

सासू आहे, म्हटलं. त्यांचा जीव या गावातून निघत नाही. मुलगा इथं गेला. त्यांना लातुरात कुठं चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवू? दोन वर्षांपूर्वी बहिणीनं एक स्थळ आणलं होतं, तेव्हाही हेच सांगितलं. माणूस वाईट नव्हता. बँकेत होता. माझ्याशी बोलताना मोबाइल उलटा ठेवला होता त्यानं, ते आवडलं होतं.

असो.

१९ जुलै

देव्हाऱ्याखालून काढून पुन्हा लेथवर. आता वाटका वाळका, दगडासारखा. साली निघत नाहीत, नुसती भुकटी उडते. तोंडाला फडकं बांधून सुद्धा घशात जाते. आधी अंडं गोल करून घेतलं – फिरताना एक बाजू दिसायची, एक गायब व्हायची. हळूहळू कडा स्थिर दिसायला लागली.

तडा खरंच निघून गेला. सरांना फोन करून सांगितलं. ते गावी होते, कुणाच्या तरी बारशात, मागं बायका गात होत्या. ऐकू आलं नाही त्यांना काही. 'हो, हो, निधान,' म्हणाले.

२६ जुलै

आत्याबाई शेडमध्ये आल्या! रिक्षा करून, विचारत विचारत. मुलगा इथं शिकवत होता तेव्हाही कधी आल्या नव्हत्या.

ईश्वरप्पा सरांनी त्यांना स्टूल दिलं आणि डोळ्यांना लावायचा मोठा चष्मा दिला. नको म्हणाल्या, मग लावला. नऊवारी, कपाळावर गोंदण, आणि वर तो प्लॅस्टिकचा चष्मा. सर आदरानं दुसरीकडं बघत होते.

मी आतून कोरत होते. कडेकडून मधे, कडेकडून मधे. मधे थांबून जाडी मोजत होते. त्यांनी बराच वेळ बघितलं.

'कडंनं मधी जाती व्हय? आमचं उलटं. भाकर मधून कडंला जाती.'

सरांनी चहा मागवला. आत्याबाईंनी त्यांना विचारलं, माझा पोरगा कसा शिकवायचा? ते म्हणाले, चांगला शिकवायचा, पण रागीट होता. एकदा एका मुलाच्या अंगावर रंधा भिरकावला होता. आत्याबाई म्हणाल्या, 'हाव. बापावर गेला हुता.' मी मशीनवर होते, मला ऐकू येतंय हे दोघांना माहीत नसावं. किंवा असेल.

आठ वर्षांत त्याच्याबद्दल या घरात फक्त चांगलं बोललं गेलं. ते एक वाक्य ऐकून मला तो दिसला. शर्टाच्या बाह्या वर केलेला, ओठ आवळलेला. फार दिवसांनी.

२७ जुलै

काचपेपर. जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. बोटांचे ठसे गेल्यासारखे वाटतात.

३ ऑगस्ट

तेल लावलं. सर म्हणाले जवसाचं. आत्याबाई म्हणाल्या, 'करडीचं लाव की, घरात हाय.' सरांनी सांगितलं करडी चिकट राहते. आत्याबाईंना पटलं नाही. मी बाहेरून जवस लावलं, आतून करडी. बघू.

तेल लागताच रंग उठला. पिवळा होता तो मधासारखा, काळा होता तो जांभळा. रेघ अगदी स्पष्ट झाली. वाडग्याच्या एका अंगाला वरून खाली, वाकडी.

१० ऑगस्ट

झालं.

खोटं कशाला लिहू – फार चांगलं नाही. कड एका बाजूला जाड. बूड थोडं डुगडुगतं. रेघेपाशी हात फिरवला की खडबड लागते, तिथं काचपेपर पोचत नाही. ईश्वरप्पा सरांनी उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, परीक्षेत पास केलं असतं. काठावर.

आतलं करडीचं तेल खरंच चिकट राहिलंय.

सर म्हणाले आता एक पोळपाट करू, सोपं असतं. मी म्हटलं, नको, परत वाडगंच. स्टोअरमागं जुन्या बाकड्यांचं सागवान पडलंय, त्यातून. सर म्हणाले, सागवान मऊ असतं, तुम्हाला खोटा अभिमान होईल.

घरी आल्यावर आत्याबाईंनी वाडगं धुतलं, पुसलं, आणि त्यात ज्वारीचं पीठ काढून घेतलं. मी बघत राहिले. त्या भाकरी थापायला बसल्या. चिकट तेलाला पीठ लागलं ते खरवडून काढलं नखानं. जेवताना भाकरीला कसला वास येत नाही ना, असं मी विचारलं. म्हणाल्या, 'कसला येतो?'

१८ ऑगस्ट

आत्याबाई गेल्या. मोठे भावजी न्यायला आले होते. मुरुडला, कायमच्या. मला परवा रात्री सांगितलं, तेव्हा ट्रंक भरून झाली होती.

वाडगं बरोबर घ्या म्हटलं. नको म्हणाल्या, दुसरं चांगलं झालं की ते दे.

स्टँडवर भावजी पाण्याची बाटली आणायला गेले तेव्हा खिडकीतून माझा हात धरला.

'मला या गावात एक दीस करमलं न्हाई, सिंधु. तू एकली पडशील म्हून ऱ्हायले. आता तुझं तुला काय तरी लागलं. आता जाते.'

भावजी आले. गाडी सुटली.

मी त्यांच्यासाठी राहिले होते. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या गाडीतून उतरल्या असत्या.